उंच केलेल्या गाडीस शॉक-अब्सॉर्बर कसा निवडावा?

माल पहाटे वाशीच्या बाजारांत पोहोंचवावयाचा आणि शेत मात्र डोंगराच्या पायथ्याशीं, अशी पनवेल तालुक्यांतील आपल्यापैकीं पुष्कळांची स्थिति आहे. नेऱ्यापुढें माथेरानच्या बाजूस गेलें म्हणजे पावसाळ्यांत भेंडी, शिराळीं व काकडी सडकेपर्यंत आणणें हीच निम्मी मेहनत होते. म्हणून कोणी कोणी चारही चाकांना जोर मिळणारी जुनी पिक-अप गाडी घेऊन ती दोन इंच उंच करून घेतात.

माझ्या पुतण्यानें तसेंच केलें. पाटे बदलून गाडी वर घेतली. शॉक मात्र जुनेच ठेविले. पहिल्याच पावसाळ्यांत ओहोळ उतरतांना मागचें चाक खालीं लोंबलें आणि शॉकचा खालचा डोळा उखडून आला. ब्रेकची रबरी नळी ताणली गेली होती, पण तुटली नाहीं. ती तुटती, तर नुकसान केवळ भाजीचें झालें नसतें. त्या प्रसंगानंतर मीं या विषयाची जी माहिती मिळविली, ती बांधवांपुढें ठेवितों.

प्रथम एक गैरसमज दूर करावा. गाडीचा भार पाटे किंवा स्प्रिंग पेलतात. शॉक भार पेलीत नाहीं. खड्ड्यांत पाटा दबून पुन्हां उसळतो, ती उसळी शमविणें हें शॉकचें काम. त्याच्या नळींत तेल असतें व दट्ट्याला बारीक छिद्रें आणि झडपा असतात. तेल त्यांतून जबरीनें जातें, हालचालीची उष्णता होते व चाक जमिनीस टेकून राहतें. म्हणून ‘गाडी बसली, शॉक बदला’ हा सल्ला चुकीचा. बसलेली गाडी पाटे तपासल्यानें सुधारते.

आतां मापाविषयीं. गाडी दोन इंच उंच केली कीं जुना शॉक उभ्या गाडींतच सुमारें दोन इंच ताणलेला राहतो, आणि चाक लोंबण्यास तितकी लांबी कमी पडते. उलट फार लांब शॉक बसविल्यास चाक वर येतांना तो आंतल्या आंत ठोकर खातो आणि फुटतो. यास्तव दोन्ही टोकांचीं मापें घेतल्यावांचून खरेदी करूं नये.

मापें अशीं घ्यावींत. गाडी सपाट जागेवर ठेवून सांगाड्याखालीं भक्कम घोड्या लावाव्या; केवळ जॅकच्या भरंवशावर कोणीही गाडीखालीं जाऊं नये. शॉक सोडवून चाक लोंबूं द्यावें, ब्रेकची नळी ताणत नाहीं हें पाहावें व वरच्या डोळ्यापासून खालच्या डोळ्यापर्यंतचें अंतर मोजावें. नंतर चाक ठोकररबरास टेकेपर्यंत वर घेऊन पुन्हां मोजावें. समजा, पहिलें अंतर २१ इंच व दुसरें १४ इंच आलें. तर पूर्ण उघडलेला शॉक निदान साडेएकवीस इंचांचा हवा, आणि पूर्ण मिटलेला साडेतेरा इंचांहून मोठा नसावा. रबर स्वतः दबतें, म्हणून तो आणखी आंखूड मिळाल्यास उत्तम. असा शॉक न मिळाल्यास ठोकररबर खालीं आणून चाकाची वरची चाल मर्यादित करावी. डोळ्याची रुंदी, बोल्टाची जाडी व बुश हींही जुळलीं पाहिजेत.

प्रकार मुख्यतः दोन. दुहेरी नळीचा शॉक स्वस्त असतो, आणि बाहेरच्या नळीस दगड लागून थोडा पोंचा पडला तरी बहुधा चालतो. एकेरी नळीच्या शॉकमध्यें नायट्रोजन वायु मोठ्या दाबानें भरलेला असून तो तेलापासून वेगळा ठेविलेला असतो. त्यामुळें तेलास फेस येत नाहीं व उष्णता लवकर बाहेर जाते. परंतु त्याच्या नळीस पोंचा पडला कीं आंतला दट्ट्या अडतो. शिवाय तितक्याच चालीस तो मिटल्यावर अधिक लांब भरतो. चिखलांत हळूं चालणाऱ्या गाडीचें तेल फारसें तापत नाहीं. तीस चांगल्या प्रतीचा, कमी दाबाच्या वायूचा दुहेरी शॉक पुरतो. खराब रस्त्यावर रोज भरधांव लांब पल्ला असेल, तरच एकेरीचा खर्च सार्थ होतो.

कडकपणाचाही विचार व्हावा. आपली गाडी जातांना भरलेली व येतांना रिकामी असते. फार कडक शॉक घेतल्यास रिकामी गाडी उड्या मारते. फार मऊ घेतल्यास भरलेली गाडी खड्ड्यानंतर डुलत राहते. नवे पाटे कडक असल्यास उसळी आंवरण्याची शक्ति अधिक असलेला शॉक घ्यावा. एका आंसावरचे दोन्ही शॉक एकदमच बदलावे.

शेवटीं कायद्याची गोष्ट. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ अन्वयें नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार गाडींत करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयानेंही जानेवारी २०१९ मध्यें हें कलम कडकपणें लागू करणारा निर्णय दिला. म्हणून गाडी उंच करण्यापूर्वींच आपल्या परिवहन कार्यालयाकडे व विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. दप्तरांत आयुष्य घालविलेल्या माणसाचें एवढेंच सांगणें कीं, तोंडी उत्तर हें उत्तर नव्हे.

दुकानांत शॉकचा रंग व नांव आधीं दिसतें, माप दिसत नाहीं. तें आपण घरून कागदावर लिहून न्यावें.