सायरनची वायर कापू नकोस

गाडी दारात येते तेव्हा सायरन कोकलत असतो, गाडीवाला घामाघूम झालेला असतो आणि शेजारचे दुकानदार वैतागलेले असतात. अशा वेळी तुझा हात आधी पक्कडीकडे जाईल. तो आवर, पोरा. वायर कापली की आवाज थांबतो, पण दोष आत तसाच राहतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह सोड. सोडताना निगेटिव्ह पहिली, बसवताना तीच शेवटची. मग पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. काही सायरनच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते, ते त्यानंतरही वाजतात. त्यांच्या अंगावरच किल्लीचं भोक असतं, ते शोध.

मग गाडीवाल्याला पाणी दे आणि बोलतं कर. निम्मं काम तिथेच होतं. गाडी धुतल्यावर किंवा पावसात वाजते म्हणाला, तर बॉनेटखालचा स्विच बघ. पाणी शिरून तो गंजतो, दांडी अडकते आणि अलार्मला बॉनेट उघडं आहे असं वाटतं. लॉक केल्याबरोबर वाजत असेल तर आतल्या दिव्याकडे लक्ष दे. सगळी दारं लावून मिनिटभरानेही तो विझला नाही तर एखाद्या दाराचा स्विच गेलाय. आणि रोज रात्री दोननंतरच वाजते म्हणाला, तर गाडी कुठे लावतो ते विचार. आपल्या तुर्भ्यात एपीएमसीत भाजीचे ट्रक रात्रीच येतात, ठाणे-बेलापूर रस्त्यावर कंटेनर धावतात, जमीन हादरते. बाहेरून बसवलेल्या अलार्मच्या शॉक सेन्सरला बहुधा एक बारीक स्क्रू असतो. तो जरासा फिरव, मुठीने काचेजवळ थाप मारून बघ, पुन्हा जरासा फिरव.

एवढं करून सापडलं नाही तर मीटर घे. गाडी तीन-चार तास उभी राहिल्यावर धडधाकट बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते. 12 वर आली म्हणजे उतरलीच समज. उतरलेल्या बॅटरीवर अलार्म वेड्यासारखा वागतो, आणि लोक भलतंच बदलत बसतात. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 मिळायला हवेत. तेवढे मिळत नसतील तर अल्टरनेटरकडे जा.

आता माझं सगळ्यात आवडतं ठिकाण, अर्थ. खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस बॉडीवरचा अर्थचा बोल्ट आतून खातात, वरून मात्र तो ठणठणीत दिसतो. हेडलाइट लावून बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून बॉडीपर्यंत व्होल्टेज मोज. 0.2 पेक्षा जास्त आलं तर बोल्ट काढ, पत्रा चकाकेपर्यंत घास, घट्ट आवळ आणि वरून व्हॅसलिन लाव. अलार्म, मंद दिवे, आपोआप उघडणारं सेंटर लॉक, तिन्ही तक्रारी एकाच बोल्टने सुटलेल्या मी कितीदा पाहिल्यात.

बॅटरी रातोरात उतरत असेल तर निगेटिव्ह आणि तिच्या वायरमध्ये मीटर जोड, 10 अँपिअरच्या भोकात. किल्ली गाडीपासून लांब ठेव. अर्धा तास थांब, नव्या गाड्या झोपायला वेळ घेतात. 50 मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. अर्धा अँपिअर जात असेल तर 45 अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसही टिकत नाही, गाडी त्याच्या कितीतरी आधी स्टार्ट व्हायची थांबते. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडेल त्या लाइनीत चोर आहे. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मारू नकोस, मीटरचा फ्यूज उडेल.

दाणा मार्केटच्या आसपास उभी राहणारी गाडी असेल तर उंदराच्या लेंड्या आधी बघ, वायरी उंदीरही कुरतडतात. तंबाखूची पानं बांधायला हरकत नाही, पण दर दोन दिवसांनी बॉनेट उघडणं हाच खरा उपाय.

दोन गोष्टींवर मात्र मी ऐकून घेणार नाही. 10 चा फ्यूज उडाला तर 20 चा घालायचा नाही, वायर जळते. आणि पिवळ्या कपलरला टेस्ट लॅम्प लावायचा नाही, ती एअरबॅगची वायर आहे.

दुरुस्त झालेली गाडी लगेच देऊ नकोस. एक रात्र लॉक करून दुकानासमोर उभी कर, ट्रक जाऊ देत शेजारून. सकाळी बॅटरीवर मीटर लाव आणि मला फोन करून आकडा सांग.