पिवळ्या रंगाची साक्ष

खोपोली, ता. खालापूर
श्रावण शुद्ध पंचमी

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू कर्जतहून धाडलेली ग्राफाइट ऑक्साइडची पुडी पावली. ‘रंग पिवळसर आला, सबब माल उत्तम’ हा तुझा निकाल वाचून मात्र, भाताचा दाणा दाताखाली फोडल्यावाचून वाळवणाविषयी चकार शब्द न काढणारे आपल्याकडचे शेतकरी मला आठवले.

रंगाची साक्ष खोटी नव्हे. हमर्स आणि ऑफमन यांनी 1958 साली हे द्रव्य करण्याची आपली रीत प्रसिद्ध केली, तेव्हा उजळ पिवळा रंग हे उत्तम ऑक्सिडीकरणाचे आणि हिरवट-काळा हे अपुऱ्याचे लक्षण म्हणून त्यांनीही नोंदले. परंतु त्या पिवळेपणामागे कार्बन व ऑक्सिजन यांच्या अणूंचे 2.1 ते 2.9 हे मोजलेले गुणोत्तर उभे होते. शिवाय हे द्रव्य हवेतील ओल शोषून घेणारे. तेव्हा या श्रावणातल्या दमट हवेत न वाळवता तपासलेल्या भुकटीत पाण्याचा ऑक्सिजनही मालाच्या खाती जमा होतो, आणि हिशेब फुगतो.

म्हणून दुसरा साक्षीदार क्ष-किरणांच्या विवर्तनाचा घ्यावा. ग्राफाइटची 26.5 अंशांजवळची रेषा मावळून 10 ते 12 अंशांच्या आसपास नवी रेषा उमटली, तर थर एकमेकांपासून दूर सरले असे समजावे. जुनी रेषा रेंगाळत असेल, तर कच्चा माल उरला आहे.

तिसरी शहानिशा धुण्याची. निवळीत बेरियम क्लोराइडचे थेंब टाकल्यावर पांढरा गढूळपणा येतो तोवर कृतीत वापरलेले गंधकाम्ल गेलेले नाही. आम्ल उतरू लागले की गाळ फुगून खळीसारखा होतो, गाळणकागद तुंबतो, आणि नेमक्या त्याच घटकेस मनुष्याचा धीर सुटतो. उमेदीच्या काळात एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मीही असाच उतावीळपणे गाळ तापत्या भट्टीत वाळवावयास ठेवला असता, तो फसकन् फुगून बशीबाहेर उडाला आणि क्षणात काजळीसारखा काळा पडला. तेव्हा मंद उष्णतेवर, सबुरीने वाळवावे.

पुढील पुडीबरोबर धुण्यावाळवण्याच्या तपशिलासह नोंदवहीची नक्कल धाड. ती रुजू झाल्याखेरीज मी पुडी उघडणार नाही.

तुझा,
काका