3.4 घातक कचरा आणि उद्योजकाची जबाबदारी

मागील उपघटकात आपण नागरी घनकचऱ्याचा विचार केला. घातक कचरा त्या मानाने थोडा असतो, पुष्कळदा दिसायलाही निरुपद्रवी असतो. त्याकडे दुर्लक्ष होते ते यामुळेच.

क्रोमियमचा मुलामा देणाऱ्या एखाद्या लहान कारखान्याचे उदाहरण घ्या. तेथील टाकीत कर्करोगकारक असे षट्संयुजी क्रोमियम असते. सांडपाण्यात आम्ल माध्यमात सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळून त्याचे त्रिसंयुजी क्रोमियम केले जाते. नंतर चुना घातला की ते गाळाच्या रूपाने तळाशी बसते. पाणी स्वच्छ होते, परंतु क्रोमियम नाहीसे होत नाही. ते गाळात एकवटते. अनेक उद्योजकांची गफलत नेमकी येथे होते. पाण्याचा अहवाल चांगला आला म्हणजे काम संपले, असे ते समजतात आणि गाळाची पोती कुंपणालगत पावसात भिजत राहतात. त्याच कारखान्यात सायनाइडयुक्त टाकी असेल, तर तिचे पाणी आम्लयुक्त पाण्यात कदापि मिसळू नये. त्यातून हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू निर्माण होतो. म्हणून वर्गीकरण उगमापाशीच करावयाचे असते.

2016 च्या नियमांनुसार असा कचरा सर्वसाधारणपणे 90 दिवसांपेक्षा अधिक काळ साठवता येत नाही. पिंपांवर लेबल लावणे, नोंदवही ठेवणे व वार्षिक विवरणपत्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवणे बंधनकारक आहे. कचरा तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरी येथील केंद्रांसारख्या अधिकृत ठिकाणीच जावा लागतो. त्याच्यासोबत ‘मॅनिफेस्ट’ हे वाहतूक-पत्रक असते. माल खरोखर पोहोचला की नाही, हे त्यावरील स्वीकृतीच्या स्वाक्षरीवरून कळते.

हा खर्च लहान उद्योजकास जड जातो, हे मान्य करावयास हवे. भंगारवाला तोच गाळ नाममात्र पैशांत उचलतो. मात्र तो पुढे ओढ्यात पडला, तर पर्यावरणाच्या हानीचे उत्तरदायित्व मूळ कारखानदारास टाळता येत नाही.

टाळलेला खर्च किती काळ मागे राहतो, हे भोपाळमध्ये दिसते. 1984 च्या वायुदुर्घटनेनंतर कारखान्याच्या आवारात पडून राहिलेला सुमारे 337 टन कचरा जानेवारी 2025 मध्ये पीथमपूरला हलवण्यात आला. तेव्हा तेथील रहिवाशांनी तीव्र विरोध केला.

स्वयं-अध्ययन प्रश्न : आपल्या परिसरातील एखादे गॅरेज किंवा छपाईचा कारखाना पाहा. तेथील वापरलेले तेल, शाई वा द्रावके शेवटी कोठे जातात, याची चौकशी करून दहा ओळींत टिपण लिहा.