भरलेले पोट आणि समतोल आहार

पोट भरले म्हणजे शरीराचे पोषण झाले, असे नव्हे. भाकरीने शक्ती मिळते, डाळीतील प्रथिनांनी वाढ होते. परंतु जीवनसत्त्वे व क्षार यांवाचून आहार अपुराच राहतो. ‘अ’ जीवनसत्त्व दीर्घकाळ कमी पडल्यास मूल तिन्हीसांजेला ठेचकाळू लागते. हा धांदरटपणा नसून रातांधळेपणा होय. त्याची उपेक्षा झाल्यास डोळे कोरडे पडून दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणूनच भारतात १९७० साली बालकांना हे जीवनसत्त्व पाजण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली. शेवग्याचा पाला, गाजर, पिकलेली पपई यांतील कॅरोटीनपासून शरीर ते स्वतः तयार करते. भाजीत थोडे तेल असल्यास ते चांगले शोषले जाते. असे मूल आढळताच शिक्षकांनी त्यास न रागावता पालकांकरवी दवाखान्यात पाठवावे.