मेंडोलिनला पिकअप कोणता लावावा?

प्रश्न : माझ्याकडे वडिलांचं आठ तारांचं अकूस्टिक मेंडोलिन आहे. आमच्या भावगीतांच्या कार्यक्रमांत मी ते वाजवतो. समोर माइक ठेवला तरी ढोलकी आणि कीबोर्डपुढे ते ऐकूच येत नाही. आवाज वाढवायला सांगितला की स्पीकर शिट्टी मारतो. दुकानदार म्हणतो, गिटारचा पिकअप बसवू. एक मित्र चुंबकाचा पिकअप घे म्हणतो, दुसरा म्हणतो, चिकटवायची स्वस्तातली चकती पुरे. कोणाचं ऐकू? आणि वाद्याला भोक पाडावं लागेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : तिघांचा सल्ला ऐकून गोंधळ उडणं साहजिक आहे, कारण प्रत्येक जण वेगळ्या वाद्याबद्दल बोलतो आहे. दुकानदाराच्या डोळ्यांसमोर गिटार आहे आणि पहिल्या मित्राच्या डोळ्यांसमोर इलेक्ट्रिक मेंडोलिन. दुसऱ्या मित्राचं बरंचसं बरोबर आहे, पण त्याने अर्धीच गोष्ट सांगितली आहे. आधी माइक का कमी पडतो ते पाहू.

मेंडोलिनचा स्वर तार छेडताक्षणी उसळतो आणि लगेच विरतो. म्हणून तर वादक नखी भराभर वर-खाली फिरवून तो लांबवतात. संगीतकार सज्जाद हुसेन स्वतः उत्तम मेंडोलिन वाजवत, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या लक्ष्मीकांत यांची सुरुवातही याच वाद्यावर झाली. पण स्टुडिओत माइक वाद्याच्या अगदी जवळ ठेवता येतो. रंगमंचावर तुम्ही जरा मागे सरकलात आणि माइकपासूनचं अंतर दुप्पट झालं, की माइकपर्यंत पोचणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो. ढोलकी मात्र त्याच माइकमध्ये घुसत राहते. मग साउंडवाला चॅनल वाढवतो, स्पीकरमधून आलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. अमेरिकेतल्या ब्लूग्रास संगीतात बिल मन्रो यांच्यासारखे मेंडोलिनवादक सगळ्या साथीदारांसह एकाच माइकभोवती वाजवत. ज्याची पाळी येई, तो पुढे होई. पण त्या मेळ्यात ढोल किंवा ड्रम नसत. तुमच्याकडे ढोलकी आहे, म्हणून हवेतला आवाज टिपण्याऐवजी वाद्याचं कंपन थेट उचलणारा पिकअप हवा.

आता दुकानदाराचा सल्ला. अकूस्टिक गिटारचा नेहमीचा पिकअप म्हणजे एक बारीक पट्टी. ती घोडीच्या खाचेत, तारांचा भार पेलणाऱ्या हाडाच्या तुकड्याखाली बसते. गिटारची घोडी तबलीला, म्हणजे पेटीच्या वरच्या फळीला, कायमची चिकटवलेली असते, म्हणून तिथे ही सोय होते. मेंडोलिनची घोडी चिकटवलेली नसते. ती केवळ तारांच्या दाबाने तबलीवर उभी असते आणि तारा सैल केल्या की हातात येते. तिला तशी खाचही नसते. गिटारच्या गोल भोकात अडकवायचा पिकअप मेंडोलिनच्या लहान भोकात मावत नाही, आणि तुमच्या वाद्याला व्हायोलिनसारखी वळणदार भोकं असतील तर तो अडकवायला जागाच नाही.

चुंबकाच्या पिकअपची अडचण वेगळी आहे. त्याला फक्त लोखंड-पोलाद कळतं, कारण पोलादी तार त्याच्या चुंबकीय क्षेत्रात हलली तरच त्याच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. मेंडोलिनच्या वरच्या दोन जोड्या साध्या पोलादी तारांच्या असतात. खालच्या दोन जोड्यांना पोलादी गाभ्यावर ब्राँझचा वेढा असतो आणि ब्राँझला चुंबक विचारत नाही. त्यामुळे वरच्या तारा ठणठणतात आणि खालच्या दबतात. निकेलचा वेढा असलेल्या तारा लावून हे बरंच सावरता येतं, पण लाकडाचा आवाज तरीही येत नाही. चुंबक तारेचं हलणं टिपतो, पेटीचं घुमणं नाही.

म्हणून तो पिकअप वाईट ठरत नाही. कर्नाटक संगीतात मेंडोलिन रुजवणारे यू. श्रीनिवास (1969–2014) इलेक्ट्रिक मेंडोलिनच वाजवत. त्यावर जोड्यांऐवजी पाच एकेरी तारा होत्या. गमकांसाठी त्यांना तार ओढता यायला हवी होती आणि स्वर टिकायला हवा होता. त्यांच्या संगीताला ते वाद्य चपखल बसलं. तुम्हाला मात्र वडिलांच्या मेंडोलिनचाच आवाज लोकांपर्यंत न्यायचा आहे.

उरली ती चिकटवायची चकती. ती पिएझो जातीची असते. काही स्फटिकांवर दाब दिला की विद्युतभार निर्माण होतो, हे 1880 साली झाक आणि पिएर क्युरी या फ्रेंच भावांनी दाखवून दिलं. चकतीत स्फटिकाच्या जागी सिरॅमिकचा पातळ थर असतो आणि तो पितळेच्या पत्र्यावर बसवलेला असतो. घड्याळाच्या गजरात हीच चकती बझर म्हणून वाजते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत ती अगदी स्वस्तात मिळते. तबलीवर चिकटवली की तबली थरथरते, चकती वाकते आणि त्या वाकण्याची वीज होते. नामांकित कंपन्यांचे महाग पिकअपही याच तत्त्वावर चालतात. त्यांच्यात फरक असतो तो जोडणीचा, बाहेरची खरखर रोखणाऱ्या आवरणाचा आणि टिकाऊपणाचा.

मग अनेकांना चकतीचा आवाज पत्र्यासारखा का वाटतो? दोष बहुतेक वेळा चकतीत नसतो, ती जिथे जोडली तिथे असतो. पिएझो चकती विजेच्या दृष्टीने एक कपॅसिटर आहे. तिची क्षमता 20 नॅनोफॅरड धरू. मिक्सरच्या लाइन इनपुटचा इम्पीडन्स, म्हणजे येणाऱ्या विजेला होणारा अडथळा, साधारण 10 किलोओहम असतो. या दोहोंचा हिशेब केला तर सुमारे 800 हर्ट्झच्या खालचा आवाज गळू लागतो. मेंडोलिनची सर्वांत खालची तार 196 हर्ट्झवर लागते आणि सर्वांत वरची 659 हर्ट्झवर. म्हणजे वाद्याच्या चारही खुल्या तारांचे मूळ स्वर त्या रेषेच्या खाली आले. स्पीकरमधून ऐकू येतात ते मुख्यतः वरचे उपस्वर, आणि पत्र्यासारखा वाटतो तो हाच आवाज. माइकच्या इनपुटमध्ये जोडली तर आणखी वाईट, कारण तिथला इम्पीडन्स त्याहूनही कमी असतो. तीच चकती 1 मेगाओहमच्या इनपुटला जोडली, तर ही रेषा 8 हर्ट्झपर्यंत खाली जाते आणि सगळे स्वर जागेवर येतात.

म्हणून चकती आणि मिक्सर यांच्यामध्ये पिएझोसाठी बनवलेला प्रीअँप, म्हणजे चकतीचा सिग्नल मिक्सरजोगा करणारी छोटी पेटी, हवाच. तो निदान 1 मेगाओहम इनपुटचा असावा. 10 मेगाओहमचे मिळतात, ते अधिक चांगले. चकतीपासून प्रीअँपपर्यंतची केबल आखूड ठेवा, कारण तेवढ्याच भागात खरखर सहज शिरते. पुढे मिक्सरपर्यंत केबल लांब गेली तरी चालते. हे पटत नसेल तर घरीच करून बघा. तीच चकती आधी मिक्सरला जोडा आणि मग ओळखीच्या कुणाच्या इलेक्ट्रिक गिटारच्या अँपला. गिटार अँपचं इनपुट साधारण 1 मेगाओहमचंच असतं. पैसे मोजके असतील तर पिकअप साधा घ्या आणि प्रीअँप चांगला, असं मी अगदी ठामपणे सांगेन.

चकतीची जागा शोधायला एक संध्याकाळ खुशाल द्या. पातळ दुहेरी चिकटपट्टीने ती तबलीवर घोडीच्या पायाजवळ लावा. जाड फोमची पट्टी किंवा मऊ लुकण वापरू नका. त्यात वरचे स्वर जिरून जातात. बारीक तारांकडच्या पायाशी आवाज धारदार येतो, जाड तारांकडे भरीव. कडेकडे सरकवत नेली तर आवाज पोकळ होत जातो. बोटाच्या पेराएवढं सरकवलं तरी फरक कळतो. ऐकताना मेंडोलिन दुसऱ्याच्या हाती द्या आणि तुम्ही स्पीकरसमोर उभे राहा; स्वतः वाजवताना कानात पेटीचाच आवाज भरतो. दोन चकत्यांचे तयार संच मिळतात, त्यांत घोडीच्या दोन्ही पायांजवळ एकेक चकती लावतात. चारही जोड्या सारख्या ऐकू याव्यात यासाठी ही मांडणी मला सर्वांत भरवशाची वाटते. एक खबरदारी मात्र घ्या. वाद्याचं पॉलिश जुनं असेल तर चिकटपट्टी काढताना ते उखडू शकतं, तेव्हा आधी मागच्या बाजूला कोपऱ्यात थोडी लावून पाहा.

पिएझो आधीच बसवलेली घोडीही मिळते. तिचा आवाज स्वच्छ आणि जोरकस असतो, पण ती बसवणं कारागिराचं काम आहे. नव्या घोडीचे पाय तुमच्या तबलीच्या उंचवट्याशी तंतोतंत जुळायला हवेत. त्यासाठी काचकागद खरखरीत बाजू वर करून तबलीवर पसरतात आणि त्यावर घोडी घासतात, म्हणजे पायांना तबलीचाच आकार येतो. फट राहिली तर कंपन तिथेच अडतं. सगळ्या तारा एकदम काढू नका, आणि जुन्या घोडीची जागा आधी कागदी टेपने खुणावून ठेवा. घोडी किंचित सरकली तरी वरच्या पडद्यांवरचे स्वर बेसूर होतात. तुम्ही सांगलीचे, आणि मिरज तुमच्या दाराशी आहे. सतार-तंबोऱ्याच्या घोड्या बसवण्यात हात मुरलेले कारागीर तिथे आहेत, त्यांना वाद्य दाखवा. मूळ घोडी मात्र टाकू नका, डबीत जपून ठेवा.

पिकअप लावला की शिट्टी कायमची गेली, असा समज आहे. तो चुकीचा आहे. स्पीकरच्या आवाजाने तबली थरथरते, पिकअप ते कंपन पुन्हा स्पीकरकडे पाठवतो आणि चक्र सुरू होतं. माइकच्या मानाने ते बरंच उशिरा सुरू होतं, एवढाच लाभ. मॉनिटर स्पीकर पेटीच्या तोंडासमोर ठेवू नका. प्रीअँपवर नॉच (ठरावीक एका पट्टीचा आवाज कापणारं) आणि फेज (सिग्नल उलटा करणारं) ही दोन बटणं असतील असं पाहा. घूं असा आवाज सुरू झाला की आधी फेज बदला. तेवढ्याने नाही भागलं तर घूं थांबेपर्यंत नॉच हळूहळू फिरवा. भोकात फोमचा तुकडा बसवूनही पुष्कळ फरक पडतो.

आता भोकाबद्दल. जॅक आत बसवायचा तर तारा अडकवतात त्या टोकाचं छिद्र सुमारे 12 मिलिमीटरपर्यंत मोठं करावं लागतं. तुमच्या वाद्याला ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. व्हायोलिनच्या हनुवटीच्या टेकूसारखा, कडेला स्क्रूने आवळायचा जॅक मिळतो. हवा तेव्हा तो काढून ठेवता येतो.

एखाद्या बैठकीत तुम्ही फक्त पेटी-तबल्यासोबत वाजवणार असाल, तर वाद्याला अडकवायचा छोटा कंडेन्सर माइक पिकअपपेक्षा गोड वाटेल, कारण तो हवेतला आवाज घेतो आणि तुमच्याबरोबर हलतो. त्याला मिक्सरकडून 48 व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो, तेव्हा आयोजकांना आधी विचारून ठेवा. ढोलकी आणि कीबोर्ड असतील तिथे मात्र दोन चकत्यांचा बाहेरून लावायचा पिकअप, आवळायचा जॅक आणि चांगला प्रीअँप हीच जोडणी घ्या. खरेदीला जाताना मेंडोलिन सोबत न्या आणि प्रीअँप मध्ये जोडल्याशिवाय कुठल्याही पिकअपबद्दल मत बनवू नका.