देवणीचें रेत आणि धन्याचें मन

शिरूर अनंतपाळच्या शेतकरी बंधूंस देवणीची थोरवी सांगावयास नको. वानेरा, शेवेरा व बालंक्या हे तिचे तिन्ही प्रकार आपल्या परिचयाचे आहेत. ही जात शुद्ध राखण्यास गोठविलेलें रेत हें उत्तम साधन होय. ग्लिसरीन मिसळिल्यास गोठविलेलें रेत जिवंत राहतें, असें इंग्लंडांत १९४९ सालीं सिद्ध झालें. आतां द्रवरूप नत्रवायूंत, उणे १९६ अंशांवर, तें वर्षानुवर्षें टिकतें.

परंतु शास्त्र रेत टिकवितें. कोणतें व केव्हां भरवावें हें धनीच ठरवितो, आणि तेथें राग व हेवा आड येतात. आमचीच चूक सांगतों. आमची देवणी दोनदां उलटली. रागाच्या भरांत ती विकण्यास आम्ही निघालों. जन्मभर सरकारी दप्तर सांभाळिलें, पण गोठ्याचें टिपण नव्हतें! वडील बंधूंनीं थांबविलें. तारखा आठवून पाहतां कळलें कीं, दोन्ही वेळीं माज दिसल्यावर आम्हीं दुसरे दिवशीं दुपारीं खबर दिली होती. तिसऱ्या खेपेस सकाळचा माज सायंकाळीं भरविला. गाय गाभण राहिली.

यास्तव माज सकाळीं दिसल्यास सायंकाळीं, सायंकाळीं दिसल्यास दुसरे दिवशीं सकाळीं भरवावें. माजाची वेळ व कांडीवरील वळूचा क्रमांक वहींत लिहावा. शेजाऱ्याचें दूध पाहून देवणीस परजातीचें रेत भरवूं नये. विकलेली गाय कदाचित् परत मिळेल. मिसळलेलें रक्त निवडतां येत नाहीं.