पाऊण तासाचा स्क्रू, सहा महिन्यांचं हाड

दाढ काढून झाली, कापसाचा बोळा चावत घरी आलात, दोन दिवसांत ठणका थांबला. बहुतेकांची चूक इथेच सुरू होते. दुखत नाही, हसताना दिसत नाही, दुसऱ्या बाजूने खाता येतं. मग बघू दिवाळीनंतर. माझी खालची डावी दाढ गेली तेव्हा मीही हेच म्हटलं आणि चौदा महिने म्हणत राहिलो. शेवटी इम्प्लांट करायला गेलो तर तिथलं हाड अरुंद झालेलं. आधी हाडाची पावडर भरावी लागली, ती मुरेपर्यंत थांबावं लागलं, आणि खर्च वाढला तो वेगळाच.

दाताचं मूळ जबड्यात असतं तोवर चावण्याचा दाब हाडाला मिळत राहतो आणि हाड टिकतं. मूळ गेलं की शरीर तिथलं हाड जिरवू लागतं. वर्षभरात त्या जागेची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन-चार महिन्यांतच होते. तेवढ्या काळात शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलायला लागतात, समोरच्या जबड्यातली दाढ आधार सुटल्यामुळे त्या खिंडीत सरकू लागते. म्हणून पहिली पायरी दात काढण्याच्या आधीचीच आहे. डॉक्टर ‘हा वाचणार नाही’ म्हणाले की तिथेच विचारा : याच्या जागी पुढे काय बसवायचं? इम्प्लांटचा विचार असेल तर दात काढतानाच त्या खळग्यात हाडाची पावडर भरून हाडाची उंची-रुंदी बरीचशी राखता येते. काही वेळा दात काढतो त्याच बैठकीत इम्प्लांटही बसवता येतं, पण ते हाड आणि जंतुसंसर्ग पाहूनच ठरतं.

इम्प्लांट हवंच आहे का?

हा प्रश्न विचारायला लाजू नका. अक्कलदाढेच्या जागी काही बसवायची गरज नसते. तिच्या अलीकडची शेवटची दाढ गेली आणि बाकीच्या दातांवर नीट चावता येत असेल, तर ती जागा रिकामी ठेवूनही अनेकांचं उत्तम चालतं. एखाद्या डॉक्टरने प्रामाणिकपणे तसं सांगितलं तर त्याच्याकडे पुन्हा जावं.

ब्रिज, म्हणजे दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांच्या आधाराने मधला दात टांगणं, हा जुना आणि चांगला उपाय आहे. शेजारच्या दातांचं रूट कॅनाल झालेलं असेल, त्यांना नाहीतरी कॅप लागणार असेल, तर ब्रिजच शहाणपणाचा. शेजारचे दोन्ही दात निरोगी असतील तर मात्र एका दातासाठी दोन धडधाकट दात घासायला माझा जीव धजावत नाही. काढ-घालीची कवळी स्वस्त पडते, शस्त्रक्रिया टळते. ज्यांची तब्येत नाजूक आहे त्यांच्यासाठी तीच बरी.

सगळेच दात गेलेल्या वडीलधाऱ्यांबाबत एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. खालची कवळी हलते, बोलताना उचलते, भाकरी चावताना सरकते, ही घरोघरची तक्रार आहे. तिथे संपूर्ण जबडाभर इम्प्लांटं लागतातच असं नाही. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला फक्त दोन इम्प्लांट बसवून त्यांवर टिचबटणासारखी बसणारी कवळी करता येते. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा असं एकमताने म्हटलं होतं. ‘पूर्ण तोंडाचं पॅकेज’ ऐकून घाबरलेल्यांनी याची चौकशी जरूर करावी.

हाड धातूला धरतं कसं

इम्प्लांटचे तीन भाग असतात : हाडात जाणारा टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर बसणारा जोडखांब आणि सर्वांत वर दाताच्या आकाराची कॅप. यातलं खरं काम स्क्रूचं नसून हाडाचं आहे. १९५२ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण प्रयोग संपल्यावर काढायला गेले तर निघेना. हाड त्याला थेट चिकटून वाढलं होतं. त्या अडचणीतूनच आजचं इम्प्लांट आलं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले आणि ते त्याला २००६ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत पुरले.

हाडाची ही पकड यायला वेळ लागतो. साधारणपणे खालच्या जबड्यात तीन महिने. वरचं हाड पोकळसर असल्याने तिथे चार ते सहा. स्क्रू पहिल्या दिवशीच हाडात घट्ट बसला असेल तर त्यावर लगेच तात्पुरते दात लावता येतात, हे खरं आहे. पण ते कोणाच्या बाबतीत चालेल हे हाड ठरवतं. ‘७२ तासांत पक्के दात’ अशी जाहिरात पाहून जाल, तर तपासणीआधीच ‘हो, होईल’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा.

डॉक्टरला काय काय सांगायचं

दाताच्या डॉक्टरला मधुमेहाशी काय देणंघेणं, असं समजून अर्धी माहिती पोटात ठेवणारे खूप. मधुमेह असणं ही अडचण नाही, तो आटोक्यात नसणं ही आहे. एचबीएवनसीचा ताजा रिपोर्ट सोबत न्या. आकडा सातच्या आसपास असेल तर सहसा हरकत येत नाही, खूप वर असेल तर आधी तो खाली आणा, दात पळून जात नाही.

हाडं ठिसूळ झाल्यावर मिळणारी औषधं चालू आहेत का, किंवा पूर्वी होती का, हे आठवणीने सांगा. आठवड्याला एक घ्यायची अॅलेन्ड्रोनेटची गोळी, वर्षातून एकदा लागणारं झोलेड्रोनिक अॅसिडचं सलाईन, सहा महिन्यांनी मिळणारं डेनोसुमॅबचं इंजेक्शन. या औषधांमुळे क्वचित शस्त्रक्रियेनंतर जबड्याचं हाड भरून न येता उघडं पडतं. गुडघेदुखीसाठी ‘हाडाचं सलाईन’ घेतलेल्या आईला त्याचं नाव आठवणार नाही. जुनी फाइल शोधा. डोक्या-मानेला रेडिएशन झालं असेल तर तेही सांगा. रक्त पातळ ठेवणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ती थांबवायची की नाही हे हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचं, आणि बहुतेकदा ती न थांबवताच काम होतं.

तंबाखूबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. सिगारेट-विडीने हिरडीचा रक्तपुरवठा घटतो, जखम उशिरा भरते आणि इम्प्लांट निकामी होण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे याच्या जोडीला मिश्री, गायछाप आणि गुटखा आहे. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त मिश्री लावते’ हे वाक्य गावाकडच्या प्रत्येक दंतवैद्याने ऐकलेलं असतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. सुपारीने तर दुसराच घोळ होतो : गालाचं आतलं अस्तर आवळत जातं आणि तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. जात नसतील तर मागच्या दाढेपर्यंत ड्रिल पोचणारच नाही. अशा वेळी इम्प्लांट राहू द्या बाजूला; त्या आवळलेल्या तोंडाची तपासणी आधी करा, कारण त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो.

वयाची वरची मर्यादा नाही. खालची आहे : जबड्याची वाढ पूर्ण व्हायला हवी, म्हणून अठराच्या आत सहसा करत नाहीत. खेळताना पुढचा दात गमावलेल्या शाळकरी मुलाला तोवर तात्पुरता दात द्यावा लागतो.

कोणाकडे, किती, कशाचे

इम्प्लांट बसवण्याचं प्रशिक्षण साध्या बीडीएस डॉक्टरनेही घेतलेलं असू शकतं. हाड कमी असेल, सायनस जवळ असेल किंवा अनेक दात एकदम करायचे असतील, तर कृत्रिम दातांच्या, हिरड्यांच्या किंवा जबड्याच्या शस्त्रक्रियेच्या एमडीएस डॉक्टरकडे जावं. नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असते, ती विचारण्यात गैर काही नाही. खर्च झेपत नसेल तर मुंबई आणि नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात चौकशी करा. वेळ जास्त लागतो, खेपा होतात, पण पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या कामावर वरिष्ठांची नजर असते.

साध्या एक्स-रेवर इम्प्लांट ठरवू देऊ नका. ओपीजी नावाच्या एक्स-रेत संपूर्ण जबडा दिसतो, पण हाडाची जाडी कळत नाही. ती सीबीसीटी नावाच्या स्कॅनमध्ये कळते. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते, तिच्यापासून साधारण दोन मिलिमीटर अंतर राखावं लागतं. वरच्या दाढांवर सायनसची पोकळी असते. हाड तिथे पातळ असेल तर सायनसचा तळ उचलून खाली पावडर भरतात. तुमच्या बाबतीत नेमकं काय आहे, ते स्क्रीनवर दाखवायला सांगा.

खर्चाचा कागद लेखी घ्या. ‘इम्प्लांट इतक्याला’ एवढं सांगितलं जातं तेव्हा तो आकडा पुष्कळदा नुसत्या स्क्रूचा असतो. जोडखांब, कॅप, स्कॅन, लागली तर पावडर आणि स्क्रू धरलाच नाही तर पुढे काय, हे सगळं त्यात हवं. मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका. अपघात सोडला तर बहुतेक पॉलिसींत दाताचा खर्च बसत नाही. आणि एक छोटी गोष्ट, जिला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो : स्क्रूच्या पाकिटावर कंपनी, लांबी, व्यास आणि लॉट नंबर असलेला स्टिकर असतो. तो तुमच्या फाइलला चिकटवून मागा.

त्या दिवशी आणि नंतर

जागेला भूल देऊन काम होतं, त्यामुळे उपाशी जायचं नाही. पोळी-भाजी खाऊन, रक्तदाबाची रोजची गोळी घेऊन, दात घासून जा. एका स्क्रूला अर्धा-पाऊण तास लागतो. दुखत नाही, कवटीत घुमणारा आवाज आणि दाब जाणवतो, त्याने काहींचा जीव घाबरतो. ड्रिल सावकाश फिरतं आणि वर सतत सलाईनचं पाणी पडतं. हाड ४७ अंश सेल्सिअसच्या वर मिनिटभर तापलं तरी मरू शकतं, म्हणून ही खटपट. दाढ काढण्याच्या मानाने मला हे सोपं गेलं.

पहिले चोवीस तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही. रक्ताची गुठळी सुटते. गालाला बाहेरून बर्फ लावा, दहा मिनिटं लावून दहा मिनिटं काढा. चहा कोमट. गार दहीभात, पातळ खिचडी, कुस्करलेलं केळं. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळुवार गुळण्या. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग उतरते. उलट वाढत गेली, ताप आला किंवा पू दिसला तर लगेच जा. आणि भूल उतरायची वेळ टळून गेली तरी खालचा ओठ-हनुवटी बधिरच राहिली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता फोन करा. नसेवर दाब असेल तर पहिले तासच मोलाचे असतात.

टाके आठ-दहा दिवसांत निघतात. त्यानंतर काहीच घडत नाही, आणि हाच सगळ्यात कंटाळवाणा भाग. आत हाड स्क्रूला धरत असतं, बाहेरून काही दिसत नाही. त्या बाजूने शेंगदाणे, सुकं खोबरं खाऊ नका, बस्स.

महिने भरल्यावर माप घेतात आणि कॅप येते. कॅप उंच लागते का पाहायला निळा कागद चावायला देतील तेव्हा भिडेखातर ‘ठीक आहे’ म्हणू नका. खऱ्या दाताभोवती धाग्यांचं एक मऊ अस्तर असतं, त्यामुळे खडा चावला की लगेच कळतं. इम्प्लांटला ते अस्तर नसल्याने जास्तीचा दाब तुम्हाला उशिरा कळतो, भोगावा लागतो तो हाडाला. कॅप किंचितही उंच वाटली तर घासून घ्या. रात्री दात खात असाल तर नाइट गार्ड करून घ्या.

इम्प्लांट किडत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण भोवतीची हिरडी सुजते, आणि दुर्लक्ष झालं तर हाड बिनबोभाट, न दुखता खाली उतरत जातं. दहा वर्षांनीही शंभरातले नव्वदहून अधिक स्क्रू जागेवर असतात खरे, पण भोवतीची हिरडी स्वच्छ ठेवावी लागते. फटीत जाणारा बारीक ब्रश किंवा फ्लॉस रोज रात्री, आणि सहा महिन्यांनी तपासणी. ब्रश करताना तिथून रक्त आलं तर ‘जोरात घासलं असेल’ म्हणून सोडू नका.

कधीतरी कॅप हलायला लागते, तेव्हा स्क्रूच गेला असं वाटून पोटात गोळा येतो. बहुतेकदा हाडातला स्क्रू घट्ट असतो, त्याच्या वरचा छोटा स्क्रू सैल झालेला असतो. माझी कॅप दुसऱ्या वर्षी गणपतीत हलली, तीही रत्नागिरीला. तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न, ‘कुठल्या कंपनीचं?’ प्रत्येक कंपनीचा पेचकस वेगळा असतो. मी मोबाइलमधला स्टिकरचा फोटो दाखवला. त्यांनी खण उघडून त्यातला एक पेचकस उचलला, कॅपच्या माथ्यावरचं सिमेंट खरवडलं, पेच पिळला आणि भोक पुन्हा बुजवलं. आरतीला वेळेवर पोचलो.